कडू तोंडाच्या म्हातारीचं ताट

घाटाखालच्या एका गावात एक साळीण राहायची. मागावर बसली की लुगडी विणायची आणि उठली की गावाची कामं अंगावर घ्यायची. कुणाचं दुखलंखुपलं की पहिली हाक हिलाच.

त्या गावात राजाचं अन्नछत्र होतं. म्हातारेकोतारे, आंधळेपांगळे, ज्यांना चूल पेटवणं जमत नाही असे सगळे दुपारी तिथे जेवायचे. पण आचारी म्हणजे महा आळशी! भात करपलेला, आमटी म्हणजे नुसतं पाणी. साळणीला ते बघवेना. तिने शेजारणी जमवल्या.

"बायांनो, आपणच पाळी लावून रांधलं तर? प्रत्येकीने चार भाकऱ्या जास्त थापायच्या, एवढंच."

"अगं, त्यात काय एवढं?" बाया म्हणाल्या.

झालं, मंडळ उभं राहिलं. गरम भाकरी, वर तुपाची धार आणि तीही घरपोच. म्हातारे तृप्त होऊन म्हणायचे, "पोरी, तुझं कल्याण होवो!" बाया हरखून आणखी वाढायच्या. पुढे मंडळाने आजाऱ्यांची सेवा अंगावर घेतली, पोरक्या लेकरांना न्हाऊमाखू घातलं. गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्याने साळणीला दरबारात बोलावलं, तिच्या अंगावर शाल घातली आणि म्हणाला, "तुम्ही असताना मी आचारी कशाला पोसू?" अन्नछत्राला कुलूप लागलं. खोटं कशाला सांगा, साळणीला त्या दिवशी फार बरं वाटलं.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. हात थरथरायचे, डोळ्यांना कमी दिसायचं, पण जीभ मात्र शाबूत. "ही भाकरी आहे की कातडं?" "एवढा उशीर? झोपली होतीस काय?" आचाऱ्यालाही ती अशीच सोलून काढायची. तो तिला चार शिव्या हासडायचा आणि ताटात भात वाढायचा. मंडळाच्या बायांचं तसं नव्हतं. बिचाऱ्या घरची कामं टाकून यायच्या. एक रडवेली होऊन परतली. दुसरीने पाळी बदलून घेतली. तिसरीला वाटलं, चौथी नेईल. "तिला नेऊ नका" असं कुणीच कुणाला म्हटलं नाही.

एकदा साळीण सूत आणायला त्या बाजूला गेली होती. बघते तर म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. ओठ सुकलेले, समोर कोरडं ताट.

"आजी, जेवलात ना?"

"कोण आणतंय? चार दिवस झाले, कुणी फिरकलं नाही."

साळीण तिच्यापाशी खाली बसली. "अहो, मग मला निरोप नाही का धाडायचा?"

"कशाला धाडू? तो मेला आचारी मला दळभद्री म्हणायचा, मी त्याला. पण वाढणं त्याला भागच होतं. राजाचा हुकूम होता. तुमच्याकडे जेवायचं तर आधी गोड बोलावं लागतं. ते मला जन्मात जमलं नाही, बये. आता कुठून जमणार?"

साळणीने धावत जाऊन पेज आणली आणि तिला भरवली. मग बायांना गोळा केलं. बाया उसळल्याच. "आम्ही काय तिच्या बांधील आहोत? आपखुशीने करतो, वर बोलणी का खायची?"

खरंच होतं ते. कुणीच बांधील नव्हतं. साळीण स्वतःसुद्धा नव्हती, आणि ज्या दिवशी कुलूप लागलं त्या दिवशी आपण खूश झालो होतो, याची तिला लाज वाटली. ती रोज स्वतः ताट नेऊ शकली असती. गावात बोभाटा झाला नसता, राजाची मर्जीही राहिली असती. पण ती स्वतःच आजारी पडली तर? आणि आणखी एखादी कडू तोंडाची कुठे निघाली तर? दुसऱ्या दिवशी ती दरबारात हजर झाली.

"महाराज, अन्नछत्र उघडा."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "का? तुमचं जेवण आमच्यापेक्षा चांगलं असतं म्हणे."

"चांगलं असतं, महाराज. पण जे आम्हाला आवडतात त्यांनाच ते पोचतं."

"कितीजण उपाशी राहिले?"

"एक म्हातारी."

राजाला हसू आलं. "एका भांडकुदळ म्हातारीसाठी अख्खं अन्नछत्र उघडू?"

"तिच्यासाठीच उघडा, महाराज. गोड बोलणाऱ्यांना गाव आहे. तिला तुम्ही नाही, तर कोण?"

राजाचं हसू मावळलं.

कुलूप निघालं. धान्य राजाच्या कोठारातून येऊ लागलं. रांधायला बाया आल्या, कारण रांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एकाचं जरी ताट रिकामं राहिलं, तर जाब राजाने द्यायचा, असं ठरलं आणि तशी दवंडीही पिटली गेली.

म्हातारी काठी टेकत आली. साळणीने तिला वाढलं. ती पोटभर जेवली आणि आशीर्वाद वगैरे काही न देता उठून घरी गेली. साळणीने आशीर्वादाची वाटही पाहिली नाही, ती पुढच्या ताटात वाढत होती.

तात्पर्य इतकंच: गावाने मायेचा हात जरूर द्यावा, पण भुकेल्याचं ताट कुणाच्या मर्जीवर सोडू नये. ते भरलं की नाही, हे पाहणं राजाचं काम आहे.