सीटवरचं प्लास्टिक

डिझेल अजून परवडायचं, त्या काळातली गोष्ट. बार्शीच्या भालू मिस्त्रींनी कपाटं पोचवायला छोटी डिझेल व्हॅन घेतली. गल्लीभर पेढे वाटले, पुढे लिंबू-मिरची बांधली, पण सीटवरचं प्लास्टिक काही काढलं नाही.

दुकानातली म्हातारी हातगाडी सुखावली. चला, सुटले एकदाची!

दुसऱ्या दिवशी कपाट चढलं ते तिच्याच पाठीवर. "नव्या गाडीला ओरखडा पडेल," म्हणत मिस्त्री घाम पुसत तिला ओढू लागले.

"मावशी, जरा लांबून जा," ताडपत्रीखालून व्हॅन म्हणाली. "तुझी धूळ उडते."

"तू कधी निघणार गं कामाला?"

"मी? ओझी वाहायला का आलेय मी? येणारे-जाणारे थांबून कौतुक करतात, ते कोण ऐकणार?"

असे दोन पावसाळे गेले. दसऱ्याला मिस्त्रींनी व्हॅनला झेंडूचा भलामोठा हार घातला, उरलेली फुलं हातगाडीवर टाकली आणि हौसेनं किल्ली फिरवली. व्हॅन साधी खोकलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या बॅटरी उतरली होती.

मिस्त्रींनी बॅटरी काढली, हातगाडीवर ठेवली आणि गॅरेजची वाट धरली.

वाटेत एका ओळखीच्या दुकानदारानं विचारलं, "काय मिस्त्री, व्हॅन घेतलीत ना? मग अजून हातगाडी?"

"म्हणून तर व्हॅन नव्यासारखी राहिलीय!" मिस्त्री छाती फुगवून म्हणाले.

हातगाडीला हसू आवरेना. मिस्त्रींना वाटलं, चाक कुरकुरतंय, तेल घालायला हवं.