गन्नानच्या उसन्या वहाणा

ज्या युगात पर्वतांना अजून वाचा होती आणि वाघ देवांची वाहने होऊन गावाच्या वेशीपर्यंत निःशंक येत, त्या युगातली ही कथा. पूर्वसमुद्राच्या कुशीतल्या कोरिया देशात, श्वेतशृंग पर्वताच्या पायथ्याशी गन्नान नावाची वृद्धा, तिचा पुत्र छिल्बोक आणि सून ओक्दान राहत असत. त्या देशात घराची खरी मालकीण म्हणजे चूल. तिच्यात अग्निदेवतेचा वास. घरातल्या ज्येष्ठ स्त्रीने पहाटे विहिरीचे पहिले पाणी वाडग्यात भरून तिच्यापुढे ठेवायचे आणि विस्तव कधी म्हणजे कधी विझू द्यायचा नाही, हा तिथला कुलाचार. गन्नानच्या चुलीतला विस्तव तिच्या आजेसासूच्याही आधीपासून तेवत आला होता.

मग दुष्काळ पडला, आणि कसला पडला! भाताची खाचरे तडकली, ओढ्यांच्या तळाशी पांढरी धूळ उडू लागली, माणसे झाडांच्या साली उकळून पिऊ लागली. आभाळच फाटले, तिथे ठिगळ कुठे लावणार? ओक्दानची दोन्ही लेकरे त्या उपासमारीत गेली. अखेर उत्तरेची महानदी ओलांडून परमुलखात जायचे ठरले.

निघण्याआधी ओक्दान एकटीच डोंगरावरच्या देवळीपाशी गेली. वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या राशीवर तिने आपला दगड ठेवला, तोच धुके दुभंगले आणि त्या पर्वताचे देव, शुभ्र दाढीचे गिरिनाथ आपल्या वाघाच्या पाठीवर हात ठेवून प्रकट झाले. वाघ तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्यामागे कोणी उभे असावे तसा तिच्या खांद्यापलीकडे पाहत होता.

"हे गिरिनाथा," ओक्दान हात जोडून म्हणाली, "माझी बाळे तुझ्याच कुशीत पुरली आहेत. आता आणखी कुणाला पुरायचे बळ माझ्यात उरले नाही. परक्या मुलखात यमाच्या दूतांना आमचे दार सापडू नये, एवढेच दे."

हो, यमधर्म तिथेही आहे. नाव उच्चारताना जीभ जराशी निराळी वळते, इतकेच. त्याच्यापासून सुटका कुठल्या देशात झाली आहे?

"स्नुषे," गिरिनाथ म्हणाले, "भीतीने मागितलेल्या वरात भीतीच राहायला येते. पुन्हा विचार कर."

ती कसला विचार करते! आईचे काळीज पोळलेले होते. तिने नकाराने मान हलवली.

"तथास्तु. तुमच्या चुलीचा विस्तव जिवंत असेतो यमदूतांना तुमचे दार दिसणार नाही. परंतु माझी सत्ता नदीच्या काठाशी संपते. दिलेला वर परत घ्यायला मी पलीकडे येऊ शकणार नाही, हे ध्यानात धर."

मातीच्या मडक्यात राखेखाली निखारे झाकून गन्नानने ते पोटाशी धरले आणि गोठलेली नदी ओलांडली. पलीकडे छिल्बोकने मातीचे घर बांधले, रिवाजाप्रमाणे चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून जमीन ऊबदार केली. भाकरतुकडा मिळू लागला. गन्नान मात्र रोज तिन्हीसांजेला दक्षिणेकडे तोंड करून बसे आणि म्हणे, "माझ्या विहिरीचं पाणी आता कोण काढत असेल गं?"

दुसऱ्या हिवाळ्यात छिल्बोक लाकडे तोडायला दूर अरण्यात गेला आणि इकडे म्हातारीला खोकला जडला. खोकून खोकून ती अर्धी झाली. मग एके दिवशी खोकला एकाएकी थांबला. ओक्दानला कोण आनंद झाला! तिने चुलीपुढे लोटांगणच घातले.

दुसऱ्या पहाटे दोघी विहिरीवर गेल्या. हाडे गोठवणारी थंडी होती. ओक्दान बोले तेव्हा तिच्या तोंडातून वाफ निघे. शेजाऱ्याचा बैल उभा होता, त्याच्या नाकातूनही वाफ निघत होती. गन्नान मात्र पाणी शेंदता शेंदता जुन्या गावाच्या गोष्टी सांगत होती, भरभरून बोलत होती, आणि तिच्या तोंडातून काहीच निघत नव्हते. ओक्दानच्या हातातली घागर सुटली.

तिने सासूला चुलीलगतच्या सर्वांत ऊबदार जागी निजवले, अंगावर होते नव्हते ते पांघरूण घातले. हात चेपायला घेतला तर तो विहिरीच्या काठासारखा गार. बाहेर येऊन पाहते तो घराभोवतीच्या बर्फात पावले उमटलेली. तिघांची. ती पावले घराला वळसा घालत होती, भिंतीशी थबकत होती, पुन्हा फिरत होती. दाराकडे एकही वळले नव्हते. ओक्दानने ती पावले झाडूने पुसून टाकली. माध्यान्ही ती पुन्हा उमटली होती.

तिन्हीसांजेला गन्नान उठून बसली. भिंतीपलीकडे कुणीतरी हळूहळू चाचपडत चालले होते.

"ऐकतेस ना, सूनबाई? दारी आलेले पाहुणे उपाशी फिरताहेत. आपल्या घराची ही रीत नव्हे."

"आई, ते पाहुणे नव्हेत!"

"ठाऊक आहे. खोकला थांबला त्या दिवशीच मी संपले. पण मला न्यायला कुणाला दार सापडेना. मी इथं बसते, बोलते, आणि अन्नाची चव लागत नाही, ऊब लागत नाही. कसला वर मागून आलीस गं पोरी?"

ओक्दान ओक्साबोक्शी रडू लागली. "तुम्ही गेलात तर माझं गाव गेलं, आई. इथं मला नावानं हाक मारणारं दुसरं कोण आहे?"

"आणि मला अशी ठेवलीस तर ते गाव मला कधीच दिसणार नाही. सोड मला."

ओक्दान उठली. कोरिया देशात मृत्यू झाला की यमाच्या तीन दूतांसाठी दाराबाहेर भाताचे तीन वाडगे आणि पेंढ्याच्या वहाणांचे तीन जोड ठेवतात. लांबून चालत आलेले असतात बिचारे, त्यांच्याही पायांचा विचार करावा लागतो. तिने घरातले शेवटले तांदूळ शिजवले, वहाणा मांडल्या. मग देवतेपुढचा पाण्याचा वाडगा उचलला आणि पिढ्यान् पिढ्यांच्या त्या विस्तवावर ओतला. चूल माणसासारखी हुंदकली. जमीन पायाखाली गार होत गेली, आणि दार आपसूक उघडले.

काळ्या उंच टोप्या घातलेले तिघे आत आले. त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसता संधिप्रकाश होता.

"फार फिरवलेस, स्त्रिये," त्यांतला अग्रणी म्हणाला. "चल, वृद्धे. मार्ग पश्चिमेचा आहे."

"थांबा!" ओक्दान उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आधी हिला तिचे अंगण दाखवा, मगच पश्चिमेला न्या."

"मृताने मागे जावे असा नियम नाही. शिवाय ही अनवाणी आहे. ते अंतर अनवाणी पायांचे नव्हे."

ओक्दानने आपल्या पायांतल्या वहाणा काढल्या. डाव्या वहाणेची टाच फाटली होती. वाकून तिने त्या सासूच्या पायांत घातल्या. "देत नाही, आई. उसन्या देते आहे."

दूतांनी वाकून त्या वहाणांकडे पाहिले. मग अग्रणी गंभीर स्वरात म्हणाला, "चतुर आहेस. उसनी वस्तू परत केल्यावाचून यमसभेत कुणाला प्रवेश नाही. ही आता वहाणांची मालकीण येईतो आपल्या अंगणातच थांबेल. आणि ऐक: ज्याच्या वहाणा पुढे गेल्या, त्याची पावले मागे राहतात. तू जिवंतपणी ही नदी पुन्हा ओलांडणार नाहीस."

"कबूल," ओक्दान म्हणाली. ती उंबऱ्यातून बाजूला झाली.

सकाळी बर्फात चार माणसांची पावले दक्षिणेला गेलेली दिसली. त्यांतल्या एका डाव्या पावलाची टाच फाटकी होती. ओक्दान अनवाणी नदीपर्यंत गेली, काठावर उभी राहिली आणि परतली. मग तिने तिथल्याच मातीतल्या गारगोट्या घासून नवी चूल पेटवली आणि अरण्यातून छिल्बोक परतेतो ती तेवत ठेवली.

तेव्हापासून, म्हणतात, नदीपलीकडे गेलेल्यांच्या दारी मृत्यूप्रसंगी वहाणांचे तीन नव्हे, चार जोड मांडू लागले; चौथा जाणाऱ्याच्या स्वतःच्या पायांसाठी. आणि श्वेतशृंगाच्या त्या ओसाड गावात लाकूडतोड्यांना एक नवल दिसे: छप्पर खचलेल्या एका घरात थंडगार चुलीपुढे रोज पहाटे वाडगाभर ताजे पाणी असे, भर हिवाळ्यात न गोठलेले. भीतीने कुणी त्याला हात लावत नसे.

वर्षे लोटली. ओक्दानला परमुलखात पुन्हा लेकरे झाली, तिने नातवंडे पाहिली, ती म्हातारी झाली आणि एका तिन्हीसांजेला शांतपणे गेली. तिच्या सुनेने ते गाव कधी पाहिले नव्हते, तरी चौथा जोड तिने न विसरता मांडला. पुढे लवकरच एके सकाळी लाकूडतोडे त्या पडक्या घरावरून गेले. वाडगा रिकामा होता. लांबून चालत आलेल्या कुणीतरी घटाघटा पिऊन टाकावा तसा. शेजारी पेंढ्याच्या दोन वहाणा नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि डाव्या वहाणेची फाटकी टाच कुणीतरी नव्या पेंढ्याने विणून दिली होती.