चित्र्या कुणाचा

"चित्र्या कुणाचा, तेवढं सांगा, बाबा. माझा का गेनबाचा?"

सिदूबाबा लोकर कातत होते. हातातली चाती फिरतच राहिली.

"बाबा…"

"ऐकतोय. बस की आधी. आल्या आल्या कोर्टकचेरी कशाला?"

धुळाजी बसला, पण त्याचं बूड काही टेकेना. डोळे सारखे माळाच्या उताराकडं जात होते. तिथं दोनशे मेंढरं चरत होती. ओढ्याच्या अंगाला गेनबा बसला होता, आणि गेनबापासून चार हातांवर चित्र्या. अंगावर काळे ठिपके, एक कान फाटका. पिल्लू असताना धुळाजीनं त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळून तळावर आणलं होतं.

पाच महिन्यांनी धनी परत येतो, तेव्हा कुत्र्यानं काय करावं? धावत यावं, अंगावर उड्या घ्याव्यात, पायांत लोळावं. चित्र्यानं लांबूनच मान वर केली, शेपूट चारदा हलवलं आणि पुन्हा ओढ्याकडं तोंड केलं. धुळाजीनं हाक मारली नाही. मारायची कशाला? न बोलावता यायला हवा होता तो. तेव्हाच त्याच्या पोटात जी कळ उठली, ती अजून तशीच होती.

सिदूबाबा धनगरांतले जाणते. चार तालुक्यांतली माणसं त्यांच्याकडं अडलंनडलं विचारायला यायची. धुळाजी त्यांच्याजवळ बारा वर्षं होता आणि गेनबा जेमतेम तीन. उद्या कळप कोकणात उतरायचा होता, पण यंदा बाबांचे गुडघे चालणार नव्हते. बाबांची काठी ज्याच्या हातात जाईल, कळप त्याचा आणि तळावरचा शब्दही त्याचाच. ती धुळाजीलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. सगळ्यांत जास्त धुळाजी.

आता मात्र त्याला भ्या वाटत होतं. कुत्रं गेलं, तशी काठीही जायची.

"देश बघून आलास," बाबा म्हणाले. "सांग की."

शहरातल्या एका संस्थेनं मेंढरांची कुत्री बघायला चार माणसं परदेशी पाठवली होती. त्यांत धुळाजी होता. त्यानं घसा खाकरला. हे सांगताना तरी आपण गेनबापेक्षा वरचढ, हे त्याला ठाऊक होतं. आवाजही त्यानं उतारापर्यंत जाईल असा काढला.

"स्कॉटलंडात धनी डोंगराच्या पायथ्याला उभा असतो, बाबा, आणि कुत्रं माथ्यावर. धनी नुसती शिट्टी घालतो. एका शिट्टीला कुत्रं डावीकडं वळतं, दुसरीला उजवीकडं. शर्यती भरतात त्यांच्या. जिंकलेल्या कुत्र्याचा फोटो घरात भिंतीवर, आजोबांच्या शेजारी."

"बरं. आणि मेंढरं कशी हायेत तिथली?"

"मेंढरं… होती की. पांढरी."

"हं."

"तुर्कस्तानात कुत्रं वासराएवढं. गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. लांडग्यानं नरडं धरलं, तर लांडग्याचंच तोंड फाटावं. उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत त्याला. पण मी राहिलो तिथल्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला एकानं दगड मारला, तर म्हातारा जेवण सोडून भांडायला गेला."

"आणि मेंढरं?"

"त्यांच्याकडं कुठं बघत बसलो मी…"

चाती फिरत होती.

"मंगोलियात तर तंबूजवळ गेलं की रामराम घालत न्हाईत. लांबूनच ओरडायचं, कुत्रं धरा! हाच त्यांचा रामराम. आणि म्हातारं कुत्रं मेलं, की त्याला उंचावर नेऊन ठेवतात. शेपूट कापून डोक्याखाली ठेवतात, उशीला. कुत्र्याचा पुढचा जन्म माणसाचा, म्हणतात."

बाबांचा हात पहिल्यांदाच थांबला.

"ह्ये बरं हाय," ते म्हणाले. चाती पुन्हा फिरली. "मेंढरं कशी होती?"

"बाबा, मी कुत्री बघायला गेलो होतो."

"व्हय. ते खरं."

धुळाजीला राग आला. एवढे देश पालथे घातले, आणि हा म्हातारा मेंढरांचं धरून बसलाय.

"आपल्याकडं काय हाय? एखादा वाईट मेला, तर कुत्र्याच्या मौतीनं मेला म्हणतात. शिवी द्यायची झाली, तर पहिलं नाव कुत्र्याचं."

"शिवी माणसाला देतात. कुत्र्याला कुठं लागते ती?" बाबा म्हणाले. "आणि जत्रेत खंडोबापुढं देवाचं कुत्रं होऊन भुंकतोस की तू. लई झ्याक भुंकतोस."

उतारावरून गेनबाचं हसू ऐकू आलं. साधंच हसू होतं, पण धुळाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं पिशवीतून फडकं काढलं. फडक्यात तो खिळ्यांचा पट्टा होता. तुर्कस्तानातून आणलेला, तीन विमानतळांवर उघडून दाखवायला लागलेला.

"चित्र्यासाठी आणलाय. मी बांधणार. दुसऱ्या कुणाच्या हातानं बांधायचा न्हाय."

"बांध."

"कसा बांधू? कुत्रं फितवलंय त्यानं माझं. काय चारलं त्याला गेनबानं, सांगा."

"गेनबानं एक तुकडाबी चारला न्हाय," बाबा म्हणाले. "चारलंस तू."



बाबांच्या तळावर एक रीत होती. मेंढरांमागं राहायच्या पिल्लाला कुणी हातानं घास द्यायचा नाही. मेंढीचंच दूध, तेही मेंढरांच्या मधोमध, दगडी डोणीत ओतायचं आणि ओतणाऱ्यानं मागं न बघता निघून यायचं. पिल्लू कोकरांत लोळतं, कोकरांच्या उबेत निजतं आणि मेंढरांना आपलं मानायला लागतं. धुळाजीला ही रीत पाठ होती. नव्या माणसांना तोच शिकवायचा. पण चित्र्याच्या वेळी त्याला राहवलं नाही. रोज भाकरीचा एक कोर तो सदऱ्याच्या खिशात घालून न्यायचा आणि झाडाआड जाऊन तळहातावर चारायचा. पिल्लानं जगात एका माणसाला तरी ओळखावं, आणि तो माणूस आपण असावं, एवढंच त्याला वाटायचं.

कुणालाही ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

"तू गेलास त्या दिवशी," बाबा चातीकडं बघत म्हणाले, "चित्र्या एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. नऊ दिवस. गेनबा आणायचा, पुन्हा जायचा. तिसऱ्या दिवशी ओढ्यातून लांडगा आला. चार कोकरं गेली आणि एका मेंढीचा पाय."

उतारावर एक लंगडी मेंढी सगळ्यांच्या मागं मागं चरत होती. धुळाजीला ती आत्ता दिसली.

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"गेनबानं तळावर चित्र्याचं नाव काढलं न्हाय. म्हणाला, माझा डोळा लागला होता. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं…"

बाबांनी त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडं बघितलं.

आता दुसरा कुणी असता, तर विरघळला असता. खरं सांगायचं, तर धुळाजी आणखीच पेटला. कुत्रं चोरलं असतं, तर गेनबाला चोर म्हणता आलं असतं. आता तर तो चांगलाही निघाला. म्हणजे माणसानं जळायचं तरी कशावर?

"मी हाक मारतो," तो उठत म्हणाला. "बघूच."

"कुणी अडवलंय?"

स्कॉटलंडात शिकलेली शिट्टी त्याच्या ओठांवर आली होती, पण ऐन वेळी जुनीच हाक तोंडातून निघाली. झाडाआड मारायचा ती, हलकी.

"चितू… ये, ये."

चित्र्या उठला. क्षणभर त्याचे पाय जागीच थरथरले. मग तो असा सुटला, की दोन मेंढरांच्या अंगावरून उडी मारून आला. आला, कुईंकुईं करत धुळाजीच्या छातीवर चढला, तोंड चाटलं, आणि मग ओलं नाक त्याच्या तळहातात घालून भाकरीचा कोर शोधायला लागला. धुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचाच होता. पाच महिने, तीन देश, एक गेनबा मध्ये येऊनही त्याचाच होता.

त्यानं मान वर करून गेनबाकडं बघितलं. गेनबाचं तोंड कसं झालंय, ते त्याला बघायचं होतं.

तोंड दिसलं नाही. गेनबानं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. चित्र्या उठल्याबरोबर तोही उठला होता, चार हात पुढं गेला होता आणि चित्र्या बसला होता नेमक्या त्याच जागी उकिडवा बसला होता. ओढ्याकडं तोंड करून. कुत्रं नाही, तर आपण.



लंगडी मेंढी ओरडली. धुळाजीच्या हाताखाली चित्र्याचा फाटका कान हलला. नाक अजून तळहातात होतं, पण मान ताणली गेली होती. धुळाजीच्या दुसऱ्या हातात पट्टा होता. बांधला असता, तर चित्र्या उभा राहिला असता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि बांधायला मन किती धावत होतं, तेही ठाऊक होतं…

त्यानं तळहात मिटला.

"जा," तो म्हणाला. "जा, चितू. इथं काही न्हाय."

चित्र्यानं दोनदा मागं वळून बघितलं. मग गेला. गेनबा सरकला, त्यानं जागा करून दिली आणि दोघं शेजारी शेजारी ओढ्याकडं बघत बसले.

धुळाजी बाबांच्या पायाशी खाली बसला. या खेपेला बूड टेकलं.

"बाबा."

"हं."

"इतका वेळ मला गेनबाचा हेवा वाटत होता."

"आता?"

"आता चित्र्याचा वाटतोय. त्याला त्याची जागा ठाऊक हाय."

बाबांनी सूत गुंडाळलं, चाती खोवली. मग शेजारी पडलेली काठी उचलली आणि धुळाजीच्या मांडीवर ठेवली. बोटांच्या जागी गुळगुळीत झालेली, टोकाला लोखंडी टोपण असलेली काठी.

 इतकी वर्षं ही काठी धुळाजीनं स्वप्नात धरली होती, आणि आता तिला हात लावायची त्याला भीती वाटली.

"मला? सगळं कळूनबी?"

"मग काय, मी चालू?"

धुळाजीनं काठी धरली. धरली, आणि धरल्या धरल्या जुनी कळ पुन्हा उठलीच. माणसाचं शेपूटही काही सरळ नसतं.

"गेनबा कुठं चालणार?"

"सगळ्यांत पुढं. त्याच्या संगं चित्र्या."

"पुढं तर मी चालतो, बाबा. बारा वर्षं मीच चालतोय."

"व्हय. आणि मी कुठं चालायचो?"

धुळाजीनं आठवून बघितलं. घाट आठवला, ओढे आठवले, पुढची वाट सगळी आठवली. बाबा काही आठवेनात. त्यानं कधी मागं वळून बघितलंच नव्हतं.

"सांग की."

"न्हाय आठवत…"

बाबांनी उताराकडं बघितलं. कळप ओढ्याच्या कडेनं पुढं सरकला होता.

"लंगडी मेंढी मागं राहते, धुळा. काठी तिथं लागते."