मुंगीची पाकळी झेंड्याच्या घडीत

सांगा बरं पिल्लांनो, गुळाच्या दुकानात मुंगीवर विश्वास ठेवावा का? आधी ऐका, मग सांगा.

एक होती मुंगी. तिला सापडली गुलाबाची पाकळी.
"ही माझ्या बाळांची गादी," मुंगी म्हणाली.
शाळेच्या अंगणात पाकळी ठेवली, जरा पाणी प्यायला गेली. येऊन बघते तर पाकळी नाही.

त्या दिवशी होता पंधरा ऑगस्ट. शाळेतल्या कुमुदबाईंनी पाकळ्या वेचल्या, झेंड्याच्या घडीत ठेवल्या. मुंगीची पाकळीही त्यातच गेली.

घडीतून गुलाबाचा वास आला, तशी मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"झेंडादादा, झेंडादादा, उघड ना. माझी पाकळी मिळेना."
झेंडा म्हणाला, "खाली मी उघडत नाही. जमिनीला मी टेकत नाही. दोरीनं वर नेलं, तर उघडेन."

मुंगी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"दोरीताई, दोरीताई, सरक ना. झेंडा उघडेना, माझी पाकळी मिळेना."
दोरी म्हणाली, "कप्पी फिरली, तर सरकेन."

कप्पी म्हणजे खांबावरचं छोटं चाक. मुंगी चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"कप्पीबाई, कप्पीबाई, फीर ना. दोरी सरकेना, झेंडा उघडेना, माझी पाकळी मिळेना."
"कुईं कुईं, मी गंजले गं. तेलाचा थेंब मिळाला, तर फिरेन."

समोरच बन्सीशेठचं तेला-गुळाचं दुकान. तुरुतुरु, तुरुतुरु.
"शेठ, शेठ, थेंब द्या ना. कप्पी फिरेना, दोरी सरकेना, झेंडा उघडेना, माझी पाकळी मिळेना."
शेठ हसले. "ती गुळाची ढेप बघ. वर कोण बसलंय? तुझ्याच बहिणी. त्या उतरल्या, तर थेंब देईन. पण तूच चढलीस तर?"
"नाही चढणार."
गुळाचा वास आला. मुंगीनं तोंड फिरवलं. खालूनच हाक मारली.
"बहिणींनो, बहिणींनो, उतरा ना. शेठ थेंब देईनात, कप्पी फिरेना, दोरी सरकेना, झेंडा उघडेना, माझी पाकळी मिळेना."
"एका पाकळीचं काय एवढं?"
"बाळांची गादी आहे ती."
"मग आधी सांगायचं ना, वेडाबाई."

बहिणी उतरल्या, सुळसुळ.
शेठनी बांबूला तेलाचा बोळा बांधला. थेंब पडला, टप्प.
कप्पी फिरली, गरगर.
बाईंनी ओढली, दोरी सरकली, सरसर.
झेंडा वर गेला.
झेंडा उघडला, फडफड. केशरी वर, हिरवा खाली.
पाकळ्या पडल्या, भुरुभुरु.

मुंगीची पाकळी मुंगीच्या पुढ्यातच पडली. पण राष्ट्रगीत सुरू झालं. मुलं ताठ उभी. शेठ ताठ उभे. बहिणी रांगेत ताठ उभ्या.
वारा आला. पाकळी हलली. मुंगी नाही हलली.

गाणं संपलं. मुंगी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाकळी धरली.
शेठ म्हणाले, "अगं, ती मोठी ने की."
"ती माझी नाही," मुंगी म्हणाली. एकच उचलली आणि घरी गेली. बाळं गादीवर झोपली, गुडूप.

मग पिल्लांनो, ठेवायचा ना विश्वास? मुंगीनं आपली तेवढीच नेली. आता तुम्हीही मोजा. आपलं किती, दुसऱ्याचं किती. हिशेब तेवढा खरा ठेवा, हं.