अध्यक्षांची मंजुरी

दूधसंघाचा सगळा कारभार हेड ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. तो प्रोग्राम इंटरनेटवर आणून गावोगावच्या संकलन केंद्रांना खुला करायचं काम हेमलता चौगुले यांच्याकडे होतं. काम केव्हाच झालं होतं. पण अध्यक्ष भाऊसाहेब निकम रोज नवी अट घालत आणि बाई पुरत्या थकून गेल्या होत्या.

एक दिवस भाऊसाहेब गरजले, "प्रत्येक नोंद, प्रत्येक बदल आधी माझ्या फोनवर! माझ्या मंजुरीशिवाय पानही हलता कामा नये."

वाद घालायचं त्राण बाईंत नव्हतं. त्यांनी तसंच करून दिलं.

जुना प्रोग्राम चालू ठेवूनच चाचणी घेतली. सकाळी केंद्रांवर दूध येऊ लागलं, तसा भाऊसाहेबांचा फोन जो वाजू लागला तो थांबेचना. चहा निवला, अंघोळ राहिली. शेवटी ते तडक ऑफिसात आले.

"अहो बाई, हे आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"मघाशीच करायला घेतलं, साहेब," बाई डोळे चोळत म्हणाल्या. "पण तोही बदलच ना? तुमच्या मंजुरीला पाठवलाय. बघा, रांगेत सगळ्यात खाली असेल."

भाऊसाहेबांनी फोन त्यांच्या हाती दिला. बाईंनी आधी ती अट काढली, मग घरी जाऊन झोप काढली.