पानमळ्याची मोजणी

नदीकाठच्या एका गावात कोंडिबा नावाचा म्हातारा पानमळेवाला राहत होता. बायको ठकू वारल्यापासून तो अगदी एकटा होता. मळ्याच्या कोपऱ्यात एक विहीर होती. ती दोघांनी मिळून खणली होती. तो खणायचा आणि ती माती वर ओढायची. रोज संध्याकाळी तो विहिरीच्या काठावर जाऊन बसे. तेवढ्यापुरतं त्याला एकटं वाटत नसे.

पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, पारोशाने वेलीला हात लावायचा नाही, एवढीच गावाची रीत. कोंडिबाने तिच्यात पदरची भर घातली, की परक्याने आत यायचंच नाही. मग त्याला सगळेच परके वाटू लागले. आधी गावकरी, मग सोयरे. शेवटी सख्खी बहीण गोदाक्कासुद्धा कुडाबाहेरूनच बोलून जाऊ लागली.

एक दिवस शेजारच्या रायाजीने दावा लावला, की विहीर माझ्या हद्दीत आहे. दावा साफ खोटा होता. हद्दीचा दगड विहिरीच्या पलीकडे, दाट वेलींत उभा होता. तो कोंडिबाने रोज पाहिला होता, पण दुसऱ्या कोणी कधीच पाहिला नव्हता.

न्यायाधीशांनी हुकूम केला, की न्यायालयाचा अमीन मळ्यात जाऊन मोजणी करील, त्याला आत घ्यावं. अमीन मोजणीची साखळी घेऊन आला. कोंडिबा फाटकात आडवा उभा राहिला.

"पानमळा हाय हा. परक्याचा पाय लागला तर वेल जळती."

अमीन परत गेला आणि कोंडिबाला न्यायालयात बोलावणं आलं. न्यायाधीश समजूतदार होते. ते म्हणाले, "अमीन आंघोळ करून अनवाणी येईल. मग तर झालं? कर नाही त्याला डर कशाला, कोंडिबा?"

"हीर माझीच हाय. मोजायची कशाला?"

अमीन खरोखरच आंघोळ करून, ओल्या धोतराने अनवाणी आला. फाटक बंद होतं. तो हाका मारून दमला. गोदाक्काही कुडापाशी आली आणि म्हणाली, "दादा, उघड की. तुझाच दगड हाय म्हनतोस न्हवं, मग बघू दे त्यास्नी."

"तू मधी पडू नगंस," कोंडिबा आतून म्हणाला. ती पदराने डोळे पुसत निघून गेली.

न्यायाधीशांनी ताकीद दिली, की आता ही शेवटची संधी. फाटक उघडलं नाही तर तुमचं म्हणणं ऐकलं जाणार नाही. तिसऱ्यांदाही फाटक उघडलं नाही. हट्टी माणसाला आपला हट्ट म्हणजेच पुरावा वाटतो. न्यायालयाने कोंडिबाची बाजू काढून टाकली, आणि विहीर रायाजीची ठरली.

अमीन चौथ्यांदा आला तेव्हा कोंडिबाने स्वतः फाटक उघडलं. "या साहेब, आत या. त्यो बघा दगड."

अमीनाने वेली बाजूला सारून दगड पाहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, बघायला तीनदा आलो होतो. आज ताबा द्यायला आलोय."

त्या संध्याकाळी रायाजीने विहिरीभोवती काटेरी कुंपण घातलं. कोंडिबा अलीकडे उभा राहून बघत होता. विहीर त्याची होती असं सांगणारं गावात एकही माणूस नव्हतं.

तात्पर्य: आपली बाजू खरी असली तरी न्यायालयाचा हुकूम मोडू नये. जो आपलं खरं दाखवायलाच नकार देतो, त्याच्या वतीने न्यायाधीशालाही बोलता येत नाही.