गोंडू अडकला विमानाच्या पंखात

माळावर होती पत्र्याची मोठ्ठी शेड. शेडमध्ये होतं एक म्हातारं विमान. कधीकाळी ते हवाई दलात होतं. ढगांच्याही वर जायचं. घूंऽऽऽ! मग ते थकलं. गंजलं. गवतात पडून राहिलं.

पण लोबोकाकांनी त्याला शेडमध्ये आणलं. लोबोकाका म्हणजे हवाई दलातले जुने कारागीर. त्यांच्या जोडीला होती हिमानीताई. नुकतीच शिकून आलेली. दोघांनी गंज खरवडला. खर्र खर्र! रंग मारला. फस्स फस्स! एकेक जुना भाग घासला, पुसला, चमकवला.

आणि आज? आज विमान निघालं संग्रहालयात! दारात मोठ्ठा ट्रक उभा. पों पों!

त्याच शेडमध्ये राहायची झुपकी. झुपकी म्हणजे एवढीशी खार. तिचा भाऊ गोंडू. तो तर तिच्याहूनही एवढासा! आई गेली होती दाणे वेचायला. झुपकी आणि गोंडू खेळत होते विमानावर.

विमानाच्या पंखाला होतं एक भोक. गोंडू त्यात शिरला. सुर्रकन!

तेवढ्यात आले लोबोकाका. त्यांनी भोकावर झाकण लावलं. खट्! बोल्ट आवळला. किर्र! आणि गेले.

आतून आवाज आला, “चिक् चिक्! ताई, मी आत आहे!”

बाहेर ट्रक ओरडला, पों पों!

अरे बापरे! ट्रक निघाला, तर गोंडूही जाणार! दूर दूर! झुपकी धावली झाकणाकडे. तुरु तुरु तुरु!

“गोंडू बाहेर येईना!
झाकणबाई, झाकणबाई, उघडतेस का? आत्ताच्या आत्ता!”

झाकण म्हणालं, “मी नाही उघडणार. बोल्टनं मला धरलंय. आधी बोल्ट सुटू दे!”

झुपकी गेली बोल्टकडे. तुरु तुरु तुरु!

“झाकण उघडेना,
गोंडू बाहेर येईना!
बोल्टदादा, बोल्टदादा, सुटतोस का? आत्ताच्या आत्ता!”

बोल्ट कुरकुरला. किर्र किर्र! “मी नाही सुटणार. माझ्या अंगात जुना गंज आहे. आधी तेल गळू दे!”

झुपकी गेली तेलाच्या बुधलीकडे. बुधली बसली होती टेबलावर. लांब चोच, गोल पोट. तुरु तुरु तुरु!

“बोल्ट सुटेना,
झाकण उघडेना,
गोंडू बाहेर येईना!
बुधलीमावशी, बुधलीमावशी, तेल देतेस का? आत्ताच्या आत्ता!”

बुधली म्हणाली, “बुड् बुड्! मी नाही देणार. माझी चोच बुजलीय. आधी तार टोचू दे!”

झुपकी गेली तारेकडे. तार लोळत होती कोपऱ्यात. अशी वाकडी, तशी वाकडी. तुरु तुरु तुरु!

“तेल गळेना,
बोल्ट सुटेना,
झाकण उघडेना,
गोंडू बाहेर येईना!
तारआक्का, तारआक्का, टोचतेस का? आत्ताच्या आत्ता!”

तार म्हणाली, “मी? अशी वाकडीतिकडी? मी नाही टोचणार. आधी पक्कड धरू दे! मला सरळ करू दे!”

पों पों! ट्रक पुन्हा ओरडला.

“चिक् चिक्! ताई, कुठं गेलीस?” आतून गोंडू ओरडला.

“आले रे आले!” झुपकी पळाली पकडीकडे. तुरु तुरु तुरु!

पक्कड लटकली होती भिंतीवरच्या फळ्यावर. फळ्यावर रंगवली होती हत्यारांची चित्रं. हातोडीच्या चित्रावर हातोडी. करवतीच्या चित्रावर करवत. पकडीच्या चित्रावर पक्कड. आणि पान्याच्या चित्रावर? काहीच नाही!

“तार टोचेना,
तेल गळेना,
बोल्ट सुटेना,
झाकण उघडेना,
गोंडू बाहेर येईना!
पक्कडआत्या, पक्कडआत्या, धरतेस का? आत्ताच्या आत्ता!”

पक्कड म्हणाली, “मी नाही धरणार. पाना हरवलाय. एक जरी हत्यार हरवलं, तरी बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. हा आमचा नियम! आधी पाना मिळू दे!”

“कोण शोधतंय पाना?”

“लोबोकाका. बघ, कसे धावतायत!”

खरंच! लोबोकाका विमानाखाली वाकले. विमानावर चढले. ट्रकखाली रांगले. पेटीत बघितलं, डब्यात बघितलं, चहाच्या किटलीतसुद्धा बघितलं!

ट्रकवाले मामा वैतागले. “अहो काका, चला ना! एका पान्यासाठी किती वेळ?”

“आणि पाना विमानात राहिला असला तर?” काका म्हणाले. “वर हवेत गेल्यावर काहीतरी अडकवून ठेवेल तो! हत्यारं मोजल्याशिवाय विमान हलत नाही!”

“पण हे विमान आता उडणारच नाही!”

“नाही उडणार. तरी मोजणार!”

झुपकी गेली लोबोकाकांकडे. तुरु तुरु तुरु!

“पक्कड धरेना,
तार टोचेना,
तेल गळेना,
बोल्ट सुटेना,
झाकण उघडेना,
गोंडू बाहेर येईना!
लोबोकाका, लोबोकाका, ऐकता का? आत्ताच्या आत्ता!”

काकांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. “मी नाही ऐकणार. आधी पाना मिळू दे!”

झुपकी चिडली. अश्शी चिडली! शेपटी फुलली, मिश्या थरथरल्या. ती काकांच्या मागं जाऊन उभी राहिली.

आणि… हे काय? काकांच्या मागच्या खिशातून काय चकाकतंय?

सर्र सर्र सर्र! झुपकी चढली काकांच्या पायावर. शिरली खिशात. ओढलं, ओढलं, आणि खाली पाडलं. ठण्ण!

पाना!

हिमानीताई पोट धरधरून हसली. “काका! काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

काकांनी कपाळावर हात मारला. “अगं, बोल्ट आवळला आणि खिशात टाकला! मी आख्खं विमान पालथं घातलं की गं!”

ताईनं पाना फळ्यावर लावला. टक्क! काकांनी बोटानं एकेक हत्यार मोजलं. “सगळी आली! शाबास! मामा, चला! निघूया!”

ट्रक सुरू झाला. घुर्र घुर्र घुर्र!

“थांबाऽऽऽ!” झुपकी उडी मारून पंखावर गेली. “तुम्ही हातोडी मोजली. करवत मोजली. पाना मोजला. माझ्या गोंडूला कोण मोजणार?”

“गोंडू? कोण गोंडू?”

ट्रक गप्प झाला. काका गप्प झाले. सगळी शेड गप्प झाली.

पंखातून हळूच आवाज आला, “चिक्!”

काकांनी पंखाला कान लावला. त्यांचे डोळे मोठ्ठे झाले. “हिमानी, आत कुणीतरी आहे! पक्कड घे! आत्ताच्या आत्ता!”

मग काय! धावपळ! पळापळ!

पान्यानं सोडलं पकडीला.
पकडीनं धरलं तारेला. करकच्च!
तारेनं टोचलं बुधलीला. टुच्च!
बुधलीनं तेल दिलं बोल्टला. टिप टिप टिप!
काकांनी पाना लावला, आणि बोल्टनं सोडलं झाकणाला. गर गर गर!
झाकण उघडलं. खट्!

आणि गोंडू बाहेर आला!

नाकावर धूळ. कानात धूळ. शेपटी तेलानं चपचपीत.

झुपकीनं त्याला घट्ट घट्ट धरलं. घट्ट घट्ट घट्ट!

“ताई,” गोंडू म्हणाला, “आत काय मस्त घसरगुंडी आहे! पुन्हा एकदा जाऊ?”

“नाऽऽऽही!” झुपकी ओरडली.

“नाऽऽऽही!” काका ओरडले.

“नाऽऽऽही!” ताई आणि ट्रकवाले मामा ओरडले.

लोबोकाका झुपकीसमोर खाली बसले. “बाई, चुकलंच माझं. हत्यारं तेवढी मोजत होतो मी. आता नीट मोजतो हं.”

मग काकांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. मोठ्ठ्यानं! “हातोडी एक. करवत एक. पक्कड एक. पाना एक. आणि खारी… एक… दोन! दोन्ही बाहेर! लावा झाकण!”

खट्! किर्र!

विमान ट्रकवर चढवलं. पों पोंऽऽऽ! ट्रक निघाला. विमान उन्हात आलं आणि असं लखलखलं, असं लखलखलं, की काकांनी त्याला कडक सलाम ठोकला.

विमान चढलं ट्रकावर,
गोंडू शेडच्या छपरावर,
गोष्ट आली ओठांवर!